राजश्रीचे डान्स हिट्स

निवृत्त माणसाने काय ऐकावं, याबद्दल आमच्या सोसायटीत संपूर्ण एकमत आहे. सकाळी अभंग, दुपारी बातम्या आणि संध्याकाळी बायकोचं. यातलं तिसरं आता माझ्याकडे उरलेलं नाही. गेल्या वर्षी राजश्री गेली, तेव्हापासून संध्याकाळी मी कुकरचं ऐकतो. तोही तिच्यासारखाच. तीनदा सांगून बघतो आणि मग गप्प बसतो.

आम्ही राहतो रत्नागिरीत, नाचणे रोडला. गावाचं नाव नाचणे असलं तरी इथे कुणी नाचत नाही. इथे माणसं सकाळी पांढरे बूट घालून चालायला जातात आणि एकमेकांची साखर विचारतात. अशा वस्तीत सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने इंग्रजी धांगडधिंग्याची एक सीडी छातीशी धरून गावभर हिंडावं, हे लोकांना रुचलं नाही. मलाही शोभलं नाही. पण झालं ते असं झालं.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात ज्ञानेश्वरी उभी होती. ज्ञानेश्वरी म्हणजे राजश्रीच्या झुंबाच्या वर्गाची बाई. ज्ञानेश्वरी नावाची मुलगी बायकांना झुंबा शिकवते हे मला प्रथम कळलं, तेव्हा मी राजश्रीला म्हणालो होतो, "हिच्या आईवडिलांची हिच्याकडून काही वेगळी अपेक्षा असणार." त्यावर राजश्री म्हणाली, "तुमच्या आईवडिलांचीही असणारच की." आमच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा असे, हे यावरून कळावं.

"काका, एक काम होतं," ज्ञानेश्वरी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. आत ये म्हटलं तरी आली नाही. पाणी दिलं, ते उभ्यानेच प्यायली. "सोमवारपासून वर्ग परत चालू करतोय. वर्ष झालं ना आता."

वर्ग वर्षभर बंद होता, त्याला कारण आमचे थोरले बंधू. राजश्रीच्या बाराव्याला ते देवरूखहून आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी भर मांडवात जाहीर केलं, "या वयात बाईमाणसाला नाचायला पाठवलीत, मग दुसरं काय होणार?" डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की नाचाचा आणि याचा काही संबंध नाही, तिचं हृदय फार आधीपासून कुरकुरत होतं, उलट हालचालीने थोडं सावरलंच असेल. पण डॉक्टर बोलले केबिनमध्ये, हळू आवाजात. बंधू बोलले मांडवात. खरं काय ते आपल्याकडे आवाजावरून ठरतं. वर्गातल्या बायका तेव्हा मागे सतरंजीवर बसल्या होत्या. त्या एकेक करून उठून गेल्या, आणि वर्ग बंद पडला.

"आमची सीडी राजश्रीकाकूंकडे असायची," ज्ञानेश्वरी पेला परत देत म्हणाली. "ती एकच आहे. वर्गाचा हॉल उतारावर, तिथे रेंज येत नाही, त्यामुळे मोबाइलवर काही लागत नाही. सापडली तर बघा. नाही सापडली तर राहू दे, काका." मग ती जरा थांबली. आणखी काही विचारायचं असल्यासारखं तोंड केलं, आणि "येते" म्हणून जिना उतरून गेली.

सीडी शोधावी लागलीच नाही. राजश्रीची वर्गाला न्यायची कापडी पिशवी बेडरूमच्या दारामागे खुंटीला होती, तिथेच. वर्षभर मी ते दार पूर्ण उघडत नव्हतो. पिशवीत एक नॅपकिन, पाण्याची बाटली, आवळा सुपारीची अर्धी पुडी आणि खाली ती सीडी. कव्हरवर काळा गॉगल लावलेली एक मुलगी, तिच्यामागे दिवे लागलेल्या उंच इमारती आणि चकचकीत इंग्रजी अक्षरं: अर्बन अँड डान्स हिट्स. गॉगलवाल्या मुलीच्या गालावर हळदीचं बोट उमटलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मथुराताईंचा नवरा बोटीवर असतो, त्याने कुठल्याशा बंदरातून ती आणलेली. मागच्या बाजूला गाण्यांची नावं मुंग्यांच्या रांगेसारखी.

आता, राजश्रीबद्दल मला पुष्कळ माहिती होती. तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, कोलंबीचं कालवण उकळताना ती किती वेळा चव बघते, कुठल्या नणंदेचा फोन आला की आवाज बदलतो. संसार झाला की माणसाचा सगळा दिवस पाठ होतो. फक्त संध्याकाळचा तो वर्गाचा तास मला ठाऊक नव्हता. मी विचारायचो, "काय करता तिथे?" ती म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय?" आणि हसत सँडल काढायची. तो तास तिचा होता. माझी तक्रार नव्हती. पण आता ती सीडी सोमवारी जाणार होती, आणि तिच्याबरोबर तो तासही.

म्हणून मी ठरवलं, की द्यायच्या आधी एकदा पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायची. एवढंच.

या 'एवढंच'ने आयुष्यात माझा फार घात केला आहे.

पहिली अडचण अशी, की ऐकायची कशावर? आमच्या घरचा प्लेअर राजश्रीनेच भंगारवाल्याला देऊन टाकला होता. घ्यायला भंगारवालाही नाखूश होता. हॉलमध्ये बायकांचा प्लेअर आहे, हे खरं. पण बायकांच्या वर्गाचा प्लेअर घरी मागायला जायचं म्हणजे, मी अधीक्षक होतो हो, काही झालं तरी. मी समीक्षाला फोन लावला. समीक्षा आमची मुलगी, हैदराबादला असते.

"बाबा, सीडी कोण ऐकतं आता?" ती म्हणाली. "गाण्याचं नाव सांगा, मी लिंक पाठवते."

मी चष्मा लावून पहिलं नाव वाचलं.

"कळलं नाही. स्पेलिंग सांगा."

मी स्पेलिंग सांगू लागलो, तर मध्येच आकडा आला. शब्दाच्या पोटात आकडा. एवढी वर्षं इंग्रजीत टिपणं लिहिली, कधी कुठल्या शब्दात मला आकडा सापडला नव्हता. गायकाच्या नावात तर डॉलरची खूण होती. ती वाचायची कशी, असं विचारल्यावर समीक्षा म्हणाली, "ती एस असते, बाबा." असेल. आमच्या कचेरीत असं लिहिणाऱ्याला मेमो मिळाला असता.

तिने चार-पाच लिंका पाठवल्या. पहिली दाबली तर केसांच्या तेलाची जाहिरात लागली. दुसरी दाबली तर त्याच तेलाची. मी परत फोन केला. "हीच का गं आईने ऐकलेली?"

"बाबा, गाणी तीच असतात. सीडीवर ऐका नाहीतर फोनवर."

"हे खरं. पण ही चकती ती रोज हातात धरायची."

 मग समीक्षा म्हणाली, "जेवलात का?" आमच्या घरात उत्तर सापडलं नाही की हा प्रश्न विचारतात.

शुक्रवारी मी वाचनालयात गेलो. आमच्या भागातल्या त्या वाचनालयात सभासदांसाठी 'श्रवण विभाग' आहे, असं बाहेरच्या फळ्यावर लिहिलेलं मी रोज वाचत होतो. अर्ज लिहूनच नेला होता. अर्जाच्या बाबतीत मी कुणाला हार जाणार नाही. विषय: सीडी ऐकण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये.

टेबलामागच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. "प्रयोजन लिहिलं नाही."

"ऐकणे," मी म्हणालो.

"ते कळलं. पण कशासाठी? आमच्याकडे शैक्षणिक आणि भक्तिपर, एवढ्याच सीडी ऐकता येतात. ही कशात बसते?" त्यांनी डबी हातात घेतली. गॉगलवाल्या मुलीकडे बराच वेळ पाहिलं. "भक्तिपर नाही."

"शैक्षणिक."

"विषय?"

मी क्षणभर विचार केला. "शारीरिक शिक्षण."

त्यांनी ते लिहून घेतलं. पण त्यावर कार्यवाहांची सही लागणार होती, आणि कार्यवाह राजापूरला लग्नाला गेले होते. कधी येतील? "येतील." आजवर किती माणसांना मी स्वतः "साहेब दौऱ्यावर आहेत" असं सांगून बाकावर बसवलं असेल. त्या सगळ्यांच्या वतीने मी बाकावर बसलो. उन्हं कलली तेव्हा कार्यवाह आले, कपाळाला लग्नाच्या अक्षता चिकटलेल्या, आणि माझ्याकडे न बघता सही करून गेले.

श्रवण विभाग म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या वाचनकक्षातलं कोपऱ्यातलं एक टेबल निघालं. त्यावर एक प्लेअर आणि कानाला लावायचं एक यंत्र. बाकीच्या टेबलांवर माझ्यासारखेच सहासात ज्येष्ठ वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. भिंतीवर 'शांतता राखा'. मी सीडी घातली, यंत्र कानाला लावलं, बटण दाबलं. काही ऐकू येईना. फार लांबून, जात्यात काहीतरी भरडलं जावं तसा बारीक आवाज. मी आवाज वाढवला. तरी तसंच. अजून वाढवला. आता एक पुरुष घाईघाईने कुणाला तरी दम देत होता, आणि त्याच्यामागे एक बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी डोळे मिटले. यात राजश्री कुठे असेल? या धपधपीत ती पाय कुठल्या ठोक्यावर टाकत असेल? मी तिला त्या आवाजात उभी करून पाहत होतो. आमच्या स्वयंपाकघरातली राजश्री मला लगेच दिसली. पण ही दिसेना. जरा आवाज मोठा केला तर दिसेल, म्हणून मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. डोळे उघडले तर सगळे ज्येष्ठ उभे होते. कानातल्या यंत्राची वायर प्लेअरमध्ये नीट बसलेलीच नव्हती. जे मला लांबून ऐकू येत होतं, ते त्या सगळ्यांना फार जवळून ऐकू येत होतं. एक आजोबा मला विचारत होते, "आग लागली काय हो?"

"शारीरिक शिक्षण," टेबलामागचे गृहस्थ धावत येऊन म्हणाले, आणि त्यांनी वायर उपटली.

मी सीडी डबीत घातली आणि बाहेर पडलो. पायऱ्यांवर माझ्या मागून एक जण दुसऱ्याला सांगत होते, "नागवेकर ते. बायको गेली ना त्यांची." दुसरे म्हणाले, "तरीच." या 'तरीच'चा मला फार राग आला. मी वेडा झालो नव्हतो. मला फक्त एक सीडी ऐकायची होती.

शनिवारी सकाळी संदेश भेटला. संदेश आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. वय चाळिशीच्या आसपास, स्वभाव मदतीचा. मदतीचा स्वभाव असलेल्या माणसापासून लांब राहावं हे मला कळतं, पण जिना एकच आहे.

"भाऊ, वाचनालयात काय झालं म्हणे काल?" तो म्हणाला. उतारावर रेंज नसली तरी नाचणे रोडला बातमी पोचते. मी सांगितलं. "एवढंच ना?" तो म्हणाला. (पाहा, पुन्हा 'एवढंच'.) "माझ्या गाडीत आहे की सीडी प्लेअर! जुनी गाडी आहे, पण साउंड असा आहे, की ज्याचं नाव ते. चला, आत्ता बसू."

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये मोठ्याने गाणी लावायला बंदी आहे. तो नियम मीच लिहिलेला. उपकलमांसकट. त्यामुळे गाडीच्या काचा बंद ठेवणं भाग होतं. ऑक्टोबरचा महिना. गाडीचा एसी संदेशच्या म्हणण्याप्रमाणे 'तात्पुरता' बंद होता, कधीपासून ते त्याने सांगितलं नाही. दोन पुरुष भर सकाळी बंद गाडीत घामाने निथळत बसलेत आणि गाडी जागच्या जागी थरथरतेय, हे दृश्य वॉचमनने पाहिलं आणि तो जरा लांब जाऊन उभा राहिला.

आवाज मात्र खरोखरच चांगला होता. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं. संदेश अधूनमधून मान हलवून, "बेस बघा, भाऊ, बेस," म्हणत होता. मी म्हटलं, "संदेश, जरा गप्प बसशील का?" तो गप्प बसला, पण बोटांनी स्टिअरिंग वाजवत राहिला. तिसरं गाणं लागलं. त्यात सुरुवातीला टाळ्या होत्या, आणि मग एकदम सगळं थांबून पुन्हा सुरू होई.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मथुराताई. हातात भाजीची पिशवी, त्यातून पडवळ बाहेर डोकावत होतं. संदेशने काच खाली केली आणि गाणं धबधब्यासारखं बाहेर पडलं.

"काय वो भाऊ, ह्या काय चाललाय?" असं मथुराताई म्हणाल्या आणि थबकल्या. कान दिला. चेहरा बदलला. "अगो बाय," त्या पुटपुटल्या. "ह्या आमचा हातवाला गाणा."

"हातवाला म्हणजे?" मी गाडीतून उतरलो.

"ह्यात हात वर करायचे. असे." त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला, आणि गाणं थांबून सुरू झालं तेव्हा त्यांचं पाऊल आपसूक बाजूला पडलं. दुसरं पडलं. मथुराताई चांगल्या वजनदार आहेत, गुडघ्याला पट्टा आहे, पण ती दोन पावलं त्यांनी अशी टाकली, की मी बघतच राहिलो. "आणि राजश्री माझ्या बाजूला..." असं म्हणताना त्यांना एकदम वॉचमन दिसला, संदेश दिसला, मी दिसलो. हात खाली आला. डोळे भरले. "मेला कांदा महाग झालाय," असं काहीतरी संबंध नसलेलं बोलून त्या पिशवी सावरत जिन्याकडे गेल्या.

राजश्री त्यांच्या बाजूला काय, ते वाक्य अर्धंच राहिलं. मी परत गाडीत बसलो, तेवढ्यात गाडीने एक उसासा टाकला आणि बंद पडली. गाणंही.

"बॅटरी," संदेश म्हणाला. "सीडी काढून घ्या."

सीडी निघेना. बटण दाबलं, चापट मारली, संदेशने किल्ली आत घालून पाहिली. वॉचमनने एक पट्टी आणून दिली. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सल्ला दिला, की फुंकर घाला. तीही घातली. अडकली ती अडकलीच. जी चकती राजश्रीने एवढे दिवस पदराने पुसून जपली होती, ती मी तीन गाण्यांत एका मोडक्या गाडीच्या पोटात घालवली होती. सोमवारी ज्ञानेश्वरीला काय सांगणार होतो? गाडी देऊन टाकू?

"उतार आहे भाऊ, ढकलली की गॅरेजपर्यंत आपोआप जाईल," संदेश म्हणाला, आणि स्टिअरिंगवर बसला. मी आणि वॉचमनने ढकललं. गाडी आपोआप गेली नाही. तिला प्रत्येक वळणावर समजूत घालावी लागली. रस्त्यात ओळखीचे तिघे भेटले. तिघांनीही विचारलं, "काय भाऊ, गाडी घेतलीत?" एक जण म्हणाला, "चला, बरं झालं, मन रमेल." मी कमरेत वाकलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि छातीत एक विचित्र भीती, की आतली चकती तुटली असेल. माणसाला एवढ्याशा प्लास्टिकसाठी रडू यावं याची लाज वाटून मी जोरात ढकललं. वॉचमनला वाटलं मला जोर चढला. तो म्हणाला, "सावकाश, साहेब."

गॅरेजवाल्याने दुसऱ्या दिवशी गाडीचं तोंड उघडून सीडी काढली आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिली. मी कागद तिथेच उलगडला. चकतीवर दोन ओरखडे होते. पण अखंड होती.

म्हणजे रविवार संपेपर्यंत मी ऐकली होती एकूण तीन गाणी. पहिलं तर दोनदा, आणि त्यात एकदा सगळ्या वाचनकक्षासह.

सोमवारी संध्याकाळी मी सीडी घेऊन हॉलवर गेलो. दाराशी बायकांच्या चपला. आत आठदहा जणी, ओढण्या कमरेला बांधून उभ्या. मला पाहिल्यावर एकदोघींनी ओढण्या सोडून खांद्यावर घेतल्या. बाराव्याला सतरंजीवर बसलेल्या याच त्या बायका. मथुराताई खिडकीकडे बघू लागल्या.

"सापडली," मी ज्ञानेश्वरीला म्हणालो. "जरा ओरखडे आलेत. माझ्यामुळे. मला एकदा सगळी ऐकायची होती. जमलं नाही."

ज्ञानेश्वरीने डबी हातात घेतली. "मग बसा ना, काका. आम्ही लावणारच आहोत." मग खाली बघत म्हणाली, "तुम्ही बसलात तर आम्हालाही बरं वाटेल. तेव्हा लोक बोलले ना, की नाचामुळे..."

"लोक नाही. माझे थोरले बंधू बोलले," मी म्हणालो. "ते देवरूखला असतात." हे काही उत्तर नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला कचेरीतही एवढ्या माणसांपुढे बोलायची सवय नव्हती. "डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. नाचामुळे काही झालं नाही. तिचं हृदय आधीपासूनच अशक्त होतं. नाचली म्हणून थोडी जास्त राहिली असेल, असं म्हणाले."

"खरंच?" मथुराताईंनी विचारलं. वर्षभर आम्ही जिन्यात भेटत होतो. रोज भाजीचा भाव बोलत होतो.

"खरंच," मी म्हणालो.

त्यांनी ओढणीने तोंड पुसलं. कुणीतरी मागून एक प्लास्टिकची खुर्ची आणून भिंतीशी ठेवली. मी बसलो.

गाणं सुरू झालं. पहिली थोडी मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होतो, कारण बायकांकडे बघणं बरं दिसेना. मग बघितलं. त्या दोन ओळींत उभ्या होत्या. पुढची ओळ भरलेली, पण मागच्या ओळीत मथुराताईंच्या शेजारी एक जागा मोकळी होती. मला वाटलं, कुणी यायची असेल. मग सगळ्या डावीकडे सरकल्या, आणि ती मोकळी जागाही डावीकडे सरकली. उजवीकडे आल्या, तीही आली. पुढे गेल्या, तीही पुढे गेली. कुणी तिकडे बघत नव्हतं, कुणी ठरवल्यासारखं काही वाटत नव्हतं, पण एवढं नाचताना एकदाही कुणाचा पाय त्या जागेत पडला नाही. चांगली ऐसपैस जागा होती. एका बाईला लागते त्यापेक्षा मोठी.

मी खुर्चीची कड धरून बसलो.

हातवालं गाणं लागलं, आणि दारातून एक बाई धापा टाकत आत आली. पन्नाशीची, नवे बूट घातलेली. "उशीर झाला, रिक्षाच मिळेना," असं म्हणत ती थेट त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि इतरांचं बघून हात वर केले.

सगळ्या थांबल्या. ज्ञानेश्वरीने प्लेअर बंद केला.

"तिथं नको गो, सावित्री," मथुराताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "इकडे ये, ह्या बाजूला."

"का? काय झालं?" ती सगळ्यांकडे बघू लागली. मथुराताईंच्या ओळखीची ही बाई केळशीहून मुलाकडे राहायला आली होती, वर्गाचा तिचा पहिलाच दिवस होता, तिला काय ठाऊक? चेहरा लाल झाला. "कुणाची जागा आहे का?"

 सगळ्या माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. म्हणून मीच उठलो.

"माझ्या बायकोची होती," मी म्हणालो. "ती गेल्या वर्षी वारली. तुम्ही उभ्या राहा तिथे."

"नको, नको, मी मागे..."

"उभ्या राहा हो. जागा आहे तर उभं राहायला हवं."

सावित्रीबाई हलल्या नाहीत. दोन्ही हात पोटाशी धरून उभ्या होत्या. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "त्यांना छान जमायचं का नाचायला?"

हा प्रश्न मला वर्षभरात कुणीच विचारला नव्हता. मी मथुराताईंकडे पाहिलं.

"कुठला जमायचा!" मथुराताई एकदम म्हणाल्या. "कायम उलटी वळायची. आम्ही उजवीकडे, तर ही डावीकडे!"

"आणि हात केवढे लांब टाकायची," पुढच्या ओळीतली एक जण म्हणाली. "माझा चष्मा दोनदा पाडलान."

"म्हणून तर बाजूला एवढी जागा सोडायची सवय लागली," तिसरी म्हणाली.

"आणि चुकली की थांबायची नाही. हसत सुटायची. मग सगळ्यांचंच चुकायचं."

आता सगळ्या एकदम बोलत होत्या. एकीला हसू आवरेना, दुसरी हसता हसता रडायला लागली, आणि मथुराताई दोन्ही एकदम करत होत्या. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. घरात कपाटातल्या साड्या रंगानुसार लावणारी, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी माझी बायको. ती या हॉलमध्ये रोज तासभर मनसोक्त चुकत होती. आणि घरी येऊन सँडल काढताना हसत होती.

"चला, परत पहिल्यापासून," ज्ञानेश्वरी नाक ओढत म्हणाली. तिने गाणं लावलं. टाळ्या वाजल्या. सावित्रीबाई त्या जागेत उभ्या राहिल्या, आधी अंग चोरून, मग जरा सैल. हात वर गेले. गाणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, सगळ्या उजवीकडे वळल्या आणि सावित्रीबाई डावीकडे वळल्या.

"राजश्रीकाकू, उजवीकडे!" ज्ञानेश्वरी ओरडली.

तोंडातून सवयीने गेलं. तिने हात तोंडावर ठेवला. पण गाणं चालू होतं, पावलं चालू होती, कुणी थांबलं नाही. सावित्रीबाई घाईघाईने उजवीकडे वळल्या.

आणि राजश्री या वेळी तरी बरोबर वळली का ते बघायला, खुर्चीशी उभ्या उभ्या मीही वळून उजवीकडे पाहिलं.